मुळावर उठताना

कुणाच्या मुळावर उठू नये म्हणतात. त्या रविवारी मी मात्र कातरी परजून नेमकं तेच करायला बसले होते. समोर माझा पहिलावहिला बोन्साय, वीतभर उंचीचा फायकस, वडा-पिंपळाचा भाऊबंद.

तक्रार साधी होती. घातलेलं पाणी मुरेना, वरच तळं साचून राही. मला वाटे, भागली असेल त्याची तहान! काडीनं कडा सोडवून झाड उपसलं, तर कुंडीच्याच आकाराची मुळांची वीट हातात आली, चारही कोपऱ्यांसकट. माती जवळजवळ उरलीच नव्हती.

बोन्साय म्हणजे बुटक्या जातीचं झाड, असा माझा समज होता. पण जपानीत ‘बोन’ म्हणजे उथळ भांडं आणि ‘साय’ म्हणजे लावणं. बुटकेपणाचा त्यात उल्लेखही नाही. हाच फायकस जमिनीत असता तर छपराच्या वर गेला असता. वरून फांद्या आणि खालून मुळं छाटत राहायचं, एवढंच त्याच्या लहानपणाचं रहस्य.

एक तृतीयांश मुळं काढायची होती. पहिल्याच कापाला पांढरा चीक ओघळला आणि माझा हात थबकला. जाड मूळ कापायचं आणि केसासारखी बारीक मुळं जपायची, हे मनाला पटायला वेळ लागतो. पण पाणी पितात ती बारीकच. जाड मुळं झाडाला धरून ठेवतात, आणि कुंडीत ते काम तारेवर सोपवता येतं. तळाच्या भोकांवर जाळी, त्यातून वर काढलेली तार, तिनं बांधलेलं झाड. मग धूळ चाळून काढलेले विटांचे बारीक तुकडे आणि जाडी रेती काडीनं मुळांच्या फटींत सारत बसायचं. या कामात तास कसा जातो कळत नाही. पाणी घातलं आणि ते भसकन तळातून निघून गेलं. इतका आनंद मला गळतीचा कधी झाला नव्हता.

खरी परीक्षा पुढे होती. सावलीत ठेवायचं, महिनाभर खत नाही, हलवाहलव नाही. आठवड्यात पाच पानं गळाली. हात शिवशिवायला लागले. नखानं साल जराशी खरवडली, आत हिरवं होतं, म्हणजे जीव होता. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात एक जपानी पाइन आहे. १६२५पासून जोपासलेला, १९४५च्या हिरोशिमातूनही वाचलेला. पिढ्यान्‌पिढ्या किती हातांनी त्याची मुळं कापली असतील, याचा विचार करून मी स्वतःला धीर देत होते. (झाडाला माझ्या धीराची गरज नव्हती.)

आज सकाळी फांदीच्या टोकाला टोकदार कोंब दिसला. लगेच झारी उचलली. मग आठवलं, आधी बोट खुपसून पाहायचं.

आत ओल होती. झारी जागेवर ठेवली.