भरतीच्या वेळा आणि ९:९०

गोव्यातल्या चोडण बेटावर पाचवीच्या मुलांना वेळेची गणितं शिकवायला आम्ही मांडवी नदीची भरती-सुकती घेतली. आज ९:४० ला पाणी भरलं. उद्या साधारण ५० मिनिटं उशिरा, तर किती वाजता? बऱ्याच वह्यांत उत्तर आलं ९:९०. बेरीज बरोबरच आहे. चुकला तो हातचा: इथे तो शंभरावर नाही, साठावर येतो. वजाबाकीतही तेच, १०:२० मधून ८:४५ गेले की १:७५.

उभी मांडणी आम्ही महिनाभर बंद ठेवली. त्याऐवजी आडवी रेघ: ८:४५ पासून ९ पर्यंत १५ मिनिटं, १० पर्यंत एक तास, पुढे २०. झाला १ तास ३५ मिनिटं. मुलं बोट ठेवून उड्या मोजतात, तेव्हा साठ आपोआप पक्के होतात.

पाण्याची उंची मोजायची मोजपट्टी म्हणजे सरळ बांबू, दर १० सेंटिमीटरला लाल-पांढरा ऑइलपेंट, धक्क्याच्या खांबाला वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी बांधलेली. हातात धरलेली काठी चिखलात रुतते आणि सगळी नोंद बिघडते. फेरीबोट गेल्यावर लाटा बसेपर्यंत थांबायचं, मग पाण्याची सर्वांत वरची आणि खालची खूण घेऊन मधली लिहायची. शेवाळ धरलं की आकडे दिसत नाहीत, काथ्याने घासावं लागतं. मुलं काठाशी नकोत. एक मोठं माणूस वाचतं, मुलं लिहितात. इथे आणखी एक घोटाळा होतो. ‘अडुसष्ट’ ऐकल्यावर आठ आधी कानावर पडतो आणि वहीत ८६ उतरतं. म्हणून ‘सहा दशक आठ’ असंही म्हणून घेतो.

पन्नास मिनिटं ही सरासरी आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास फरक कमी असतो, अष्टमीच्या सुमारास वाढतो. हे आधीच सांगा, नाहीतर मुलं नोंदीच खोडून ‘बरोबर’ करतात. ते आमच्या मनाला सर्वांत जास्त लागलं.

नेमकी भरती टिपणं मात्र कठीण. माथ्यावर पाणी बराच वेळ जागचं हलत नाही. मग युक्ती अशी: पाणी चढताना एका खुणेवर कधी आलं आणि उतरताना त्याच खुणेवर कधी आलं, ते लिहायचं. ९:५० आणि ११:०० असेल तर मधे ७० मिनिटं, निम्मी ३५, म्हणजे भरती सुमारे १०:२५ ला. हे रेघेवर काढताना ९:८५ कुणी लिहीत नाही.