काळ्या कागदाच्या कडेने: फिलाडेल्फिया ते न्यूयॉर्क

अमेरिकन चित्रकार कारा वॉकर गुलामगिरीच्या काळातली दृश्यं काळ्या कागदातून कापून भिंतीवर लावते. तिचं काम बघायला लोक थेट न्यूयॉर्क गाठतात. मी म्हणेन, आधी फिलाडेल्फियात उतरा. इंडिपेंडन्स हॉलचं वेळ ठरलेलं तिकीट आधीच काढून ठेवा. वरचा मजला नेहमी उघडा नसतो, पण असला तर जिना चढायचाच (तिथला ‘सेकंड फ्लोअर’ म्हणजे आपला पहिला मजला). १८०२ पासून इथे चित्रकार चार्ल्स विल्सन पील यांचं संग्रहालय होतं, आणि त्यात चेहऱ्याची कड उतरवणारं, म्हणजे छायाकृती काढणारं यंत्र.

माणूस यंत्राला टेकून बसायचा. पितळी पट्टी कपाळावरून नाक, ओठ, हनुवटी अशी सरकवली की जोडलेल्या दांड्यांमुळे तीच रेघ लहान होऊन कागदावर दाबली जायची. मान जरा हलली की नाक बिघडलंच. कागद दोनदा दुमडलेला, म्हणजे एका कापात चार प्रती. मग मधला चेहरा काढून टाकायचा आणि उरलेल्या भोकामागे काळा कागद लावायचा. कापणावळ ८ सेंट.

कात्री होती मोझेस विल्यम्सच्या हातात. हा पील यांच्याच घरचा गुलाम, १८०२ मध्ये मुक्त झालेला. १८०३ या एका वर्षात त्याने ८ हजारांहून जास्त चेहरे कापले. त्या पैशांतून दुमजली घर घेतलं आणि पीलकडच्या गोऱ्या स्वयंपाकिणीशी लग्न केलं. तो गुलाम होता तेव्हा ती त्याला आपल्या पंगतीला बसू देत नसे! त्याची स्वतःची छायाकृती लायब्ररी कंपनी या फिलाडेल्फियातल्या जुन्या ग्रंथालयाच्या संग्रहात आहे. केसांपाशी कात्रीने यंत्राची रेघ सोडली आहे आणि केस लांब, सरळ झाले आहेत. ती कात्री त्याचीच होती का, यावर अभ्यासकांनी बरंच लिहिलंय.

थर्टिएथ स्ट्रीट स्टेशनवरून ॲमट्रॅकच्या रेल्वेने न्यूयॉर्क साधारण दीड तास. वॉकरचं १९९४ चं ‘गॉन’ हे भिंतीवरचं काम मोमाच्या (म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट) संग्रहात आहे. ते कायम भिंतीवर नसतं, तेव्हा निघण्याआधी साइटवर बघून घ्या. १३ फूट उंच, ५० फूट लांब. आधी लांब उभं राहून सगळं बघावं, मगच जवळ जावं.

पद्धत सांगायला सोपी. काळ्या कागदाच्या मागच्या बाजूला पांढऱ्या पेन्सिलने काढायचं, कटरने कापायचं, उलटवून मेणाने भिंतीला चिकटवायचं. चित्र उलटणार हे विसरलात तर डावीकडे बघणारा माणूस उजवीकडे बघायला लागतो. बोटं, वेण्या, बुटांच्या नाड्या अशा अरुंद जागी कागद फाटतो. पातं वळवण्यापेक्षा कागद फिरवलेला बरा. आत डोळा नाही, सुरकुती नाही, जे सांगायचं ते कडेनेच. गोरा मालक आणि काळी गुलाम पोर, दोघं एकाच काळ्या कागदाचे. तरी कोण कोण ते आपण ओठांवरून, केसांवरून झटकन ठरवतो. वॉकरने सापळा लावलाय तो इथे.

मोझेस विल्यम्सकडे चेहरा म्हणजे भोक. कापून पडलेले मधले तुकडे पिंपात जायचे, त्यांना ‘ब्लॉकहेड’ म्हणत. वॉकरच्या भिंतीवर आहेत ते असेच मधले तुकडे.

‘गॉन’च्या डाव्या टोकाला एक बाई आणि तिचा प्रियकर चुंबनासाठी झुकलेत. तिच्या घेरदार झग्याखालचे पाय मोजा. दोनपेक्षा जास्त भरतात.