सांध्यांच्या फाइलमधला कानाचा कागद

मला आमवात आहे, म्हणजे रूमॅटॉइड आर्थरायटिस. सकाळी बोटं आखडतात, मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. कानाचं मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

नागपूरचा एप्रिल. बँकेत कूलर घरघरत होता आणि काचेपलीकडून एक आजोबा रक्कम सांगत होते. आवाज येत होता, शब्द लागत नव्हते. सात हजार की साठ हजार? कॅशियरला हा प्रश्न पडून कसं चालेल! तिसऱ्यांदा विचारल्यावर ते म्हणाले, ''काहून मॅडम, ऐकून नाही राहिल्या का?''

घरी निदान तयारच होतं. अहो म्हणाले कूलर, सासूबाई म्हणाल्या मळ. एका डॉक्टरांनी तर ''वयानुसार होतं'' म्हणून वाटेला लावलं. माझं वय 46. शिवाय वयाचा बहिरेपणा वर्षानुवर्षं हळूहळू येतो. माझं काही आठवड्यांतच बिघडत चाललं होतं. एक दिवस बरा, दुसरा वाईट. डाव्या कानात तर कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो तसा सूंऽ आवाज, रात्रभर.

धंतोलीतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी आधी कानात पाहिलं. मळ नव्हता. मग बंद खोलीत हेडफोन लावून ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी. मी घरून एक तर्क लढवून गेले होते: कानातल्या इवल्याशा हाडांमध्येही सांधे असतात, तेच धरले असतील! डॉक्टर हसले नाहीत. सांधे खरंच असतात, म्हणाले, आणि आमवात तिथेही पोहोचू शकतो. पण तसं असतं तर कानामागच्या हाडावरून दिलेला आवाज मला नीट ऐकू आला असता. माझ्या आलेखात हवेतून आणि हाडातून, दोन्ही रेषा सारख्याच खाली होत्या. म्हणजे बिघाड आतल्या कानात, दोन्हीकडे, डावीकडे जास्त.

आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती सांध्यांवर उलटते, तशी ती आतल्या कानावरच उलटते, असा हा प्रकार. 1979 मध्ये ब्रायन मॅकेब या अमेरिकन डॉक्टरांनी तो वेगळा आजार म्हणून मांडला. आमवात किंवा ल्युपस (प्रतिकारशक्ती उलटण्याचाच आणखी एक आजार) असलेल्यांत तो दिसतो, काहींना दुसरा कुठलाच आजार नसताना होतो. गंमत म्हणजे याचं ठाम निदान करणारी एकही रक्ततपासणी नाही. स्टेरॉइड देऊन पाहायचं. कान सुधारला तर निदानाला बळ. आणि हे लवकर करायचं, कारण आतल्या कानाच्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत.

कानाच्या आणि आमवाताच्या डॉक्टरांनी फोनवर बोलून प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज 60 मिलिग्रॅमवर सुरू केलं, सुमारे महिनाभर, मग हळूहळू कमी. त्या महिन्याबद्दल काय सांगू! चेहरा पुरणपोळीला लाजवेल असा फुगला, साखर वाढली, रात्री दोनला मी स्वयंपाकघरात डबे घासत बसायची. (हे औषध मेडिकलमधून आपल्या मनाने आणू नका आणि मनाने एकदम बंद तर मुळीच करू नका.)

उजवा कान बराच परतला. डावा थोडाच, त्यात आता मशीन आहे. पहिल्या दिवशी मशीनमधून पंखा, भांडी, रिक्षा सगळं अंगावर आलं. ऑडिओलॉजिस्टने पुन्हा पुन्हा जुळवून दिल्यावर माणसं ऐकू यायला लागली. गर्दीत अजून त्रास होतोच. सीताबर्डीच्या बाजारात मी भाव ऐकत नाही, दुकानदाराच्या ओठांकडे बघते.

माझी एक तक्रार आहे. सांध्यांच्या तपासणीत डोळे विचारतात, पोट विचारतात, कान कुणी विचारत नव्हतं. आता मीच ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा तो आलेख, त्याच फाइलला लावते. गेल्या खेपेस आमवाताच्या डॉक्टरांनी ईएसआरच्या (शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासणीच्या) आधी तोच कागद उघडला.