शांत वर्ग आणि सजग वर्ग

वर्गात सजगतेचा, म्हणजे आत्ता जे घडते आहे त्याकडे जाणीवपूर्वक लक्ष देण्याचा, सराव सुरू केला तेव्हा माझा हेतू फारसा निर्मळ नव्हता, हे आधी कबूल करायला हवे. मधल्या सुट्टीनंतरचा गोंगाट आटोक्यात यावा म्हणून मी मुलांना डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगत असे आणि वर्ग शांत झाला की फळ्याकडे वळत असे. एके दिवशी एका मुलीने विचारले, "बाई, आज आमचं काय चुकलं?" ज्या वेळी आणि ज्या स्वरात मी ती सूचना देत होते, ते पाहता सराव म्हणजे शिक्षा ही तिची समजूत स्वाभाविकच होती.

त्यानंतर मी सराव तासाच्या आरंभी आणला. गोंगाट असो वा नसो, दोन-तीन मिनिटे. डोळे मिटण्याची सक्ती काढून टाकली, कारण काही मुलांना डोळे मिटून श्वासाकडे पाहिल्याने उलट अस्वस्थ वाटते. त्यांनी जमिनीला टेकलेल्या तळपायांकडे लक्ष दिले तरी चालते. सर्वांत आवडता प्रकार घंटेचा: नाद ऐकू येईनासा झाला की बोट वर करायचे. बोटे एकाच वेळी वर होत नाहीत, यावरून बराच वेळ चर्चा रंगते आणि ती मी मुद्दाम थांबवत नाही. "माझं लक्ष सगळा वेळ खेळाकडेच होतं," असे एक मुलगा खजील होऊन म्हणाला, तेव्हा लक्ष भरकटल्याचे ध्यानात येणे हाच सराव आहे, हे त्याला पटवायला मला पुढचे कित्येक तास लागले.

या उपायाविषयी अवास्तव दावे पुष्कळ होतात. अमेरिकी संशोधक जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत सुरू केलेला सजगतेचा आठ आठवड्यांचा कार्यक्रम मुळात दुखणी आणि ताण घेऊन स्वतःहून आलेल्या प्रौढांसाठी होता. वर्गातली मुले स्वतःहून आलेली नसतात. ब्रिटनमधील ८५ शाळांतल्या ८,००० हून अधिक विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सजगतेचे धडे नेहमीच्या भावनिक-सामाजिक शिक्षणापेक्षा (भावना ओळखणे, इतरांशी जुळवून घेणे शिकवणाऱ्या धड्यांपेक्षा) सरस ठरले नाहीत, आणि बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. शिक्षकांचा थकवा मात्र काही काळ कमी झालेला आढळला.

मला त्यात नवल वाटले नाही. आता वर्गात शिरण्यापूर्वी मी दाराबाहेर क्षणभर थांबते आणि तीन श्वास मोजते. मुलांना ते ठाऊक आहे, आणि मी विसरले तर पहिल्या बाकावरून आठवण येते.