आधी नदी, मग डोंगर

मनातल्या जगाचे नकाशे काढायचा मला जुना नाद आहे. परवा एक देश काढत होतो. डोंगर पेन्सिलीनं, नद्या निळ्या पेनानं. मध्येच फोन आला. बोलता बोलता हात आपला चालूच राहिला, आणि फोन ठेवून बघतो तर नदी डोंगररांगेच्या आरपार! शाई, त्यामुळे खोडायचीही सोय नाही.

पाणी काही डोंगर चढत नाही. कुणा जादूगारानं काठी आपटून वाट करून दिली, असं ठोकून देता आलं असतं. पण जादूचं कसं, एकदा वापरली की प्रत्येक ओढा मागायला लागतो.

मग सिंधू आणि सतलज आठवल्या. दोघी हिमालयापलीकडे उगम पावतात आणि तो चिरत अलीकडे येतात. अशा नद्यांना पूर्ववर्ती म्हणतात, म्हणजे नदी आधीची, डोंगर नंतरचा. विळीचं पातं जागच्या जागी असतं, कापायची वस्तू त्यावर दाबली जाते; तसा डोंगर खालून वर येत राहतो आणि नदी आपली पातळी न सोडता त्याला कापत राहते. वर्षाला 1 मिलिमीटर म्हटलं, तरी 10 लाख वर्षांत 1 किलोमीटर खोल घळ. चुकलो होतो ते एवढंच, की डोंगर आधी काढला.

कापतं तरी नुसतं पाणी नाहीच. पुरात वाहत येणारी वाळू आणि गोटे खडक घासतात. एखाद्या खाचेत गोटा अडकून भोवऱ्याबरोबर गरगरत राहिला की रांजणखळगा पडतो. आतून इतका गुळगुळीत, की बोट फिरवत बसावं. घळीच्या भिंती उभ्या हव्या असतील तर हवा कोरडी ठेवायची. पावसाळी मुलखात कडे ढासळतात आणि दरी पसरट होते. म्हणून डोंगरातला पाऊस मी कमी केला. देश आपलाच, विचारतो कोण!

एक धास्ती मात्र राहिली. अशा अरुंद घळीत दरड कोसळली की पाणी तुंबून मागे तळं होतं, आणि माझी राजधानी नेमकी घळीच्या वरच्या तोंडाशी आहे. नशीब, ती पेन्सिलीनं काढली होती.