आमच्या श्रूजबरीचा आर्थर रोली

श्रूजबरी कुठे आलं, असं घरून कोणी विचारलं की मी वेल्सच्या सीमेजवळ एवढंच सांगायचो आणि लगेच दोन नावं पुढे करायचो. एक डार्विन, तो इथलाच. दुसरा रॉबर्ट क्लाइव्ह, त्याचा पुतळा भर चौकात आहे. हाच क्लाइव्ह १७५६ मध्ये वॉटसनच्या आरमाराबरोबर विजयदुर्गावर आला होता, त्यामुळे आम्हा कोकणातल्यांना तो पुतळा जरा जास्तच खुपतो. इथल्या सत्तरी-ऐंशीतल्या लोकांशी गप्पा सुरू झाल्या, की मात्र या दोघांचं नाव क्वचितच निघतं. निघतं ते आर्थर रोलीचं.

इंग्लिश फुटबॉल लीगमध्ये सर्वांत जास्त गोल कोणाचे? मी ग्रीव्ह्‌ज म्हटलं असतं, नाहीतर शिअरर. उत्तर आहे आर्थर रोली: ६१९ सामने, ४३४ गोल. आणि इंग्लंडच्या मुख्य संघाकडून एकही सामना नाही. आपल्याकडे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकरांचं जे झालं, तसंच काहीसं. फरक इतकाच की मुंबईत शिवलकर सगळ्यांना माहीत आहेत, रोलीचं नाव मात्र श्रूजबरी आणि लेस्टरच्या बाहेर फारसं कोणी काढत नाही.

रोली १९२६ चा, वुल्व्हरहॅम्प्टनचा. थोरला भाऊ जॅक मँचेस्टर युनायटेडचा स्टार, इंग्लंडकडूनही खेळलेला. धाकट्याची सुरुवात मात्र यथातथाच. वेस्ट ब्रॉमविचकडून २४ सामन्यांत फक्त ४ गोल. तिथून फुलहॅमला गेला, ५६ सामन्यांत २७. १९५० मध्ये लेस्टर सिटीने घेतल्यावर गडी सुटलाच: आठ हंगामांत ३०३ सामने, २५१ गोल. १९५६-५७ च्या एकाच हंगामात ४४ आणि लेस्टर दुसऱ्या डिव्हिजनचं विजेतं (सर्वांत वरची ती पहिली डिव्हिजन). अंगाने थोराड, पळण्यात काही खास नाही, पण डाव्या पायाची किक अशी की ती अडवायला जाण्यापेक्षा बाजूला होणं बरं, असं शेजारचे आजोबा सांगतात. त्या वेळचा चामड्याचा, दोरी ओवलेला बॉल पावसात भिजला की दगडासारखा जड व्हायचा, हे ते न विसरता जोडतात.

एवढे गोल करूनही हा माणूस बहुतेक काळ दुसऱ्या डिव्हिजनमध्येच का राहिला? मला यातच खरी गोष्ट दिसते. तेव्हा खेळाडूच्या पगाराला कायद्यासारखी कमाल मर्यादा होती. १९५८ मध्ये ती आठवड्याला २० पौंड होती, आणि ती सगळ्यांना सारखीच, मग तुम्ही मोठ्या क्लबात असा की छोट्या. त्यावर ‘रिटेन अँड ट्रान्सफर’ हा नियम. करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबकडेच राहायची. क्लबने सोडलं नाही तर दुसरीकडे खेळता यायचं नाही. जॉर्ज ईस्टहॅमने न्यूकॅसलविरुद्ध कोर्टात जाऊन १९६३ मध्ये हे बरंच खिळखिळं केलं. पगाराची मर्यादा त्याआधी, १९६१ मध्ये उठली होती. थोडक्यात, रोलीच्या ऐन उमेदीच्या काळात क्लब बदलून श्रीमंत होण्याचा रस्ताच नव्हता.

म्हणून १९५८ मध्ये त्याने लेस्टर सोडून थेट चौथ्या डिव्हिजनमधल्या श्रूजबरीला येणं आज वाटतं तेवढं विचित्र नव्हतं. इथे त्याला खेळाडू आणि मॅनेजर अशी दोन्ही पदं मिळाली. चौथी डिव्हिजनही त्याच वर्षी सुरू झाली होती. पहिल्याच हंगामात साहेबांनी स्वतःच निवडलेल्या टीममध्ये ३८ गोल मारले आणि क्लबला वरच्या डिव्हिजनमध्ये नेलं. १९६१ मध्ये डिक्सी डीनचा ३७९ गोलांचा विक्रम मोडला. त्याच हंगामात लीग कपमध्ये श्रूजबरीने पहिल्या डिव्हिजनमधल्या एव्हर्टनला हरवून उपांत्य फेरी गाठली. एव्हर्टनला! आजोबांच्या सांगण्यात हा सामना दर वेळी थोडा मोठा होत जातो.

ते सगळं व्हायचं गे मेडो या मैदानावर, अगदी सेव्हर्न नदीच्या काठाला. बॉल स्टँडवरून उडून नदीत पडायचा आणि तो काढून आणायला फ्रेड डेव्हिस नावाचा एक माणूस कोरॅकल घेऊन जायचा. कोरॅकल म्हणजे टोपलीसारखी एकट्याची छोटी होडी. ती वल्हवत तो प्रवाहात घुसायचा, बॉल पकडायचा आणि परत यायचा. क्लब २००७ मध्ये गावाबाहेरच्या नव्या मैदानावर गेला, जुन्या जागी आता घरं झाली आहेत.

आक्षेप घेणारे म्हणतात, ४३४ पैकी पहिल्या डिव्हिजनमधले फक्त ५१. ग्रीव्ह्‌जचे ३५७ सगळेच्या सगळे पहिल्या डिव्हिजनमधले, मग मोठा कोण? मुद्दा बरोबर आहे, मीही ग्रीव्ह्‌जलाच वर ठेवीन. पण रोली अडतिसाव्या वर्षापर्यंत खेळला आणि जिथे असेल तिथे गोल करत राहिला, यालाही काही किंमत आहेच ना?

मला वाटतं हा विक्रम आता तुटणारच नाही. दुसऱ्या डिव्हिजनमध्ये एखाद्या पोराने आज एका हंगामात ४४ गोल केले, तर पुढच्या ऑगस्टच्या आत कोणीतरी कोट्यवधी पौंड मोजून त्याला प्रीमिअर लीगमध्ये, म्हणजे आताच्या सर्वांत वरच्या पातळीवर, नेईल, आणि तिथे तो वर्षाला पंधरा मारू लागेल. लेस्टरला त्याला आठ वर्षं ठेवून घेता येणार नाही.