अर्ध्या डोक्यावर थांबलेले मशीन

श्रावणभर केस-दाढी न करणारी मंडळी पोळा झाला की दुकानात येऊ लागतात आणि चार दिवसांवर गणपती असल्याने प्रत्येकाला घाई असते. गेल्या वर्षी मारबतीच्या (पोळ्यानंतर निघणाऱ्या मिरवणुकीच्या) दुसऱ्या दिवशी, नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या दुकानात एका जुन्या गिऱ्हाइकाची उजवी बाजू आटोपून मी डावीकडे वळलो आणि हातातले वायरचे मशीन बंद पडले. प्लग बदलून पाहिला. वायर मशीनच्या मानेजवळ वाकवली की ते क्षणभर गुरगुरे आणि पुन्हा गप्प होई.

"काकाजी, मशीन गेलं. राहिलेलं कैचीनं करतो, थोडा वेळ लागेल," असे मी स्पष्ट सांगितले. ते म्हणाले, "तुझे बाबा तं सगळं कैचीनंच करत होते. कर आरामात."

उजव्या बाजूला मशीनने आणलेला उतार डाव्या बाजूला कंगव्यावर कैची चालवून जुळवणे सोपे नसते. विशेषतः कानामागच्या दोन बोटांच्या पट्ट्यात कैचीचा प्रत्येक घाव दिसतो. मी आरशात दोन्ही बाजू पुन्हापुन्हा पाहत, अगदी थोडे थोडे काढत गेलो. बाकावर चार जण थांबले होते, पण ते डोके मी घाईत उरकले नाही.

रात्री मशीन उघडले. वायरचे वरचे आवरण शाबूत होते, पण मशीनमध्ये शिरते तिथल्या रबरी मानेच्या आत तांब्याच्या बहुतेक तारा तुटून दोन-तीनच उरल्या होत्या. रोज रात्री वायर मशीनभोवती घट्ट गुंडाळून ठेवण्याची सवय माझीच होती. वायर हलली की आवाज बुजतो, हे दोन दिवस आधी कानावर आले होते; गर्दीत मी तिकडे लक्ष दिले नाही, याचे मला अजून वाईट वाटते.

आवाजाला मी एवढे महत्त्व देतो, त्याला कारण आहे. या चुंबकी मशीनमध्ये गरगर फिरणारी मोटर नसते. विजेचे चुंबक पात्याला ओढते आणि स्प्रिंग ते परत नेते. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 50 फेरे घेणारी असते आणि दर फेऱ्यात चुंबक दोनदा ओढते; त्यामुळे ही ओढ सेकंदाला 100 वेळा, म्हणजे मिनिटाला 6000 वेळा बसते. विजेचा दाब उतरला तरी ही गती तीच राहते, कमी होतो तो ओढीचा जोर; म्हणूनच मे महिन्यात सगळीकडचे कूलर सुरू होऊन दाब उतरला की पाते जाड केसांत अडखळते. मशीन खडखडू लागले, तर बाजूचा स्क्रू आवाज शांत होईपर्यंतच जरासा उलटा फिरवावा. त्याहून जास्त फिरवला तर जोर जातो.

तेलाच्या बाबतीत मी कोणाचेही ऐकत नाही. खोबरेल पात्यावर चिकट थर धरते आणि आपल्या नागपूरच्या थंडीत, पारा दहा-बारा अंशांवर आला की, गोठते. मशीनसोबत मिळते तसले पातळ तेलच वापरावे: दातांवर तीन थेंब, दोन्ही कडांना एकेक, मग काही सेकंद मशीन चालवून जास्तीचे पुसून घ्यावे. स्पिरिटने पाते पुसल्यावर तर तेल लावलेच पाहिजे, कारण स्पिरिट जंतूंबरोबर तेलही घेऊन जाते.

पाते धुऊन परत बसवताना हलणाऱ्या पात्याचे दात स्थिर पात्याच्या दातांपेक्षा किंचित मागे राहिले पाहिजेत. पुढे आले तर कातडी कापली जाते. आमचा नवा कारागीर स्क्रू घट्ट झाल्यावर ते आधी डोळ्यांसमोर धरून पाहतो, मग स्वतःच्या मनगटावर फिरवतो, आणि त्यानंतरच मी मशीन गिऱ्हाइकाच्या मानेला लावू देतो.

आता दुकानात वायरची दोन मशीन आहेत. दोन्हींच्या वायरी सैल वेटोळे करून वेगवेगळ्या खिळ्यांवर टांगलेल्या असतात, आणि रोज सकाळचे पहिले डोके, गिऱ्हाइकाची हरकत नसेल तर, आम्ही फक्त कैचीने करतो.